नवरदेवाचा हार

मु. पो. कुरुळी, ता. खेड

प्रिय तेजल,

तुझ्या नावाआधी काय लिहायचं, या विचारातच माझा सकाळचा चहा गार झाला. इतकी वर्षं आहेराच्या पाकिटावर म्हण, हळदीकुंकवाच्या यादीत म्हण, तुझ्या नावाला 'सौ.' लावताना माझा हात कधी अडला नाही. आज अडला. मग नुसतं 'प्रिय' लिहून मोकळी झाले. सासूचं पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलं, असं तुझ्या आईला वाटेल. तिला आधीच सांगून टाक, शालनबाईंचं डोकं ठिकाणावर आहे आणि त्या भांडायला बसलेल्या नाहीत. फोनच केला असता, पण फोनवर तू रडतेस, आणि तू रडलीस की मी बोलायला घेतलेलं सोडून भलतंच बोलते. शिवाय सातवीपर्यंत शिकले ते कधीतरी वापरायला नको का? शुद्धलेखनाचं तेवढं तू बघून घे.

तुळशीचं लग्न लागलं, तिथी निघाल्या आणि तुझ्या वरमाळावाल्या बायकांचे फोन सुरू झाले. तू भाऊबीजेला सांगवीला गेलीस ती अजून परतली नाहीस, हे त्यांना काय सांगणार? ताथवड्याची एक बाई तर मुलीच्या लग्नातले दोन्ही हार घेऊन दुसऱ्याच दिवशी दारात उभी. हार वाळवून, काचेच्या चौकटीत बसवून हवे म्हणाली. तू नाहीस म्हटल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं. मला राहवलं नाही, ठेवा म्हटलं, मी करते. आता काय काय केलं ते ऐक, आणि हसू नकोस. गुलाब आधी सुटे केले. तू धुऊन, चाळून ठेवलेली बारीक वाळू तव्यावर तापवली आणि पुरती गार होऊ दिली, कारण गरम वाळू फुलाला भाजते हे तुझ्याकडून ऐकून ऐकून माझे कान किटलेले आहेत. डब्याच्या तळाला थर दिला, फुलं तोंड वर करून बसवली आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. मी वाळू वरून ओतली. तू कशी चमच्याने कडेकडेने सोडतेस, पाकळ्यांच्या खाली सरकवतेस, ते माझ्या लक्षातच राहिलं नाही. पहिले गुलाब निघाले ते लाटून ठेवल्यासारखे चपटे. दुसरी खेप बरी झाली. शेवंतीला त्या पुड्यांतले दाणे वापरले. आपल्या भाड्याच्या खोल्यांतली पोरं कंपनीतून आणून देतात त्या, पार्टच्या खोक्यात ओल धरू नये म्हणून घातलेल्या. दाणे जुन्या कढईत परतून कोरडे केले, डबा गच्च भरला, झाकणाला चिकटपट्टी लावली. कढई वेगळीच ठेवली आहे, स्वयंपाकात घेतलेली नाही, काळजी करू नकोस. निशिगंधाचं मात्र काही खरं नाही, तो कशातही घाला, शेवटी चहाच्या रंगाचाच होतो.

तुझी सुरुवात आठवते का? घरात वाळू नव्हती म्हणून माझा शिऱ्याचा रवा घेतलास आणि त्यात झेंडू पुरलेस. दोन दिवसांनी डब्याला मुंग्यांची ही रांग. मी ओरडले आणि माझा गोरक्ष दारात उभा राहून पोट धरून हसला. मग तू मीठ वापरून पाहिलंस, जुन्या वर्तमानपत्रात पाकळ्या घालून वर माझा पाटा ठेवलास, गुलाबाच्या जुड्या बांधून माळ्यावरच्या अंधारात उलट्या टांगल्यास. नवीन सून आली आणि घरात वाळवण सुरू झालं, तेही फुलांचं, असं मी गावभर सांगत फिरले. मला राग नव्हता गं. सांगवीची मुलगी, आमच्या कंपन्यांच्या धुरातल्या गावात आली, तिला काहीतरी लागतंच जीव रमवायला. आणि त्या सगळ्याच्या आधी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू काय केलंस? आमच्याकडे लग्नातले हार खुंटीला लटकतात, वास मारायला लागले की उकिरड्यावर जातात. तू गोरक्षचा हार, तू स्वतः त्याच्या गळ्यात घातलेला, घेतलास आणि माळ्यावर खिळ्याला उलटा टांगलास. मी थट्टेने म्हणाले होते, बाई, हारापेक्षा नवऱ्याला जप. तू लाजलीस. ते बोलणं मला आता तोंडात खडा यावा तसं लागतं.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्तच माहीत आहे. तरी लिहिते. एकदा माझ्या हाताने लिहून व्हायला हवं. गोरक्षला कंपनीने ब्रेक दिला होता. कंत्राटी पोरांना देतात तसा, आणि पुन्हा बोलावलं नाही. आपल्याला त्याने सांगितलं नाही. रोज शिफ्टच्या वेळेला तू भरलेला डबा घेऊन निघायचा, रोज वेळेवर परत यायचा, ओव्हरटाइम बंद झालाय एवढंच म्हणायचा. तो दिवसभर कुठे बसत होता, कुणासोबत जेवत होता, हे मला आजही माहीत नाही. मग एक दिवस आलाच नाही. गाडी सापडली देहूरोड स्टेशनच्या बाहेर, चावी गाडीलाच. हँडलला डब्याची पिशवी. तू पिशवी उघडलीस तेव्हा मी शेजारी होते. डबा धुतलेला होता. जन्मात ज्याने आपलं ताट उचललं नाही त्याने डबा धुतला होता, पुसला होता, झाकण नीट लावलं होतं. मी लगेच म्हणाले, बघ, डबा धुऊन ठेवलाय, म्हणजे त्याला तो उद्या लागणार होता. येईल तो. तू माझ्याकडे बघितलंस आणि डबा पुन्हा पिशवीत ठेवलास. तिथून पुण्याकडेही गाड्या जातात आणि लोणावळ्याकडेही, आणि मी दोन्हीकडच्या गाड्यांत त्याला बसवून पाठवत राहिले. कधी मुंबईत कामाला लावला, कधी गुजरातेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, पोरगा रागावून गेलाय.

त्याचा फोटो मी तुझ्या मामंजींच्या फोटोशेजारी लावला, तेव्हा जाऊबाई केसरबाई म्हणाल्या होत्या, गेलेल्या माणसाच्या शेजारी नको. मी म्हटलं, बापाशेजारी लेक बसला तर बिघडलं काय? मामंजींच्या फोटोला चंदनाचा हार आहे, याच्या फोटोला नाही, एवढ्यावरून कुणालाही कळतं कोण आहे आणि कोण नाही. त्या मोकळ्या फोटोवर माझा सगळा कारभार चालला होता. पाहुणा आला की त्याची नजर आधी भिंतीकडे जाते, मग तुझ्या गळ्याकडे, मंगळसूत्र आहे का बघायला. तू कपाळावर टिकली लावायचीस, वटपौर्णिमेला माझ्यासोबत वडाला यायचीस, आणि दोरा गुंडाळताना तुझे ओठ हलायचे नाहीत. मला वाटायचं, पोरगी मनात म्हणत असेल.

चौकीतून एकदा फोन आला होता, नदीत एक सापडलाय, ओळख पटवायला या. आपण दोघी गेलो. तू बाहेर बाकावर बसलीस, मी आत गेले. तो गोरक्ष नव्हता. कुणाचा तरी होता, पण माझा नव्हता. बाहेर आले ती नाचायचीच बाकी होते, देव मला माफ करो. आपला नाही, म्हणाले तुला. तू नुसतं बरं म्हणालीस आणि ओढणीने तोंड पुसलंस. मला तेव्हा तुझा राग आला होता. वाटलं, हिला आनंद कसा होत नाही? घरी आल्यावर तू माळ्यावर गेलीस आणि जुड्या बदलत राहिलीस. तुझं ते फुलांचं काम तिथून वाढलं. आधी वाळल्या फुलांच्या राख्या, मग पणत्या, मग लोकांच्या वरमाळा. दुसऱ्यांच्या लग्नाचे हार तू इतके जपून ठेवायचीस, आणि आपला हार खोक्यात घालून, वर कडुलिंबाचा पाला आणि लवंगा टाकून, माळ्याच्या पार कोपऱ्यात सरकवून दिला होतास. तो मी पण काढला नाही, तू पण काढला नाहीस.

आता या दसऱ्याचं. आपल्या शेताच्या उरलेल्या तुकड्यातल्या झेंडूचे हार तू आणि मी पहाटेपासून ओवत होतो. ट्रॅक्टरला, खोल्यांच्या दारांना, पोरांच्या मोटरसायकलींना, अंगणात झाकून ठेवलेल्या गोरक्षच्या गाडीला, सगळ्यांना हार. घरातलं केसरबाईंवर सोपवलं. त्यांना मोतीबिंदूमुळे चौकट दिसते, चौकटीतला माणूस दिसत नाही. मी आत आले तर देवांना, मामंजींना आणि गोरक्षला, सगळ्यांना पिवळेधमक हार. वर त्या कौतुकाने सांगतायत, समद्यास्नी घातलं बाई, येक बी फोटू उघडा न्हाई ठिवला. पण ओरडायच्या आधी मी तुला बघितलं. तू माझ्या मागोमाग आत आली होतीस. तू भिंतीकडे बघितलंस आणि तुझे खांदे खाली आले. लांबून पाणी आणणारी बाई डोक्यावरचा हंडा उतरवते ना, तसे. मग मी तो हार ओढून तोडला, केसरबाईंना नको नको ते बोलले, आणि तुझे खांदे पुन्हा वर गेले. हे मी पाहिलं, तेजल. पाहून न पाहिल्यासारखं केलं. तू खाली बसून झेंडू गोळा केलास आणि पाकळ्या वर्तमानपत्रावर पसरून ठेवल्यास, वाया जायला नकोत म्हणालीस.

प्रीतमबद्दल आता लिहिते. उन्हाळ्यात तो पहिल्यांदा आला, लेकीला, संस्कृतीला घेऊन, प्लास्टिकच्या पिशवीत एक गजरा होता. बायको आजाराने गेली, तिच्या शेवटच्या वाढदिवसाला संस्कृतीने आईच्या केसांत माळलेला गजरा, तो यांनी फ्रीजमध्ये पिशवीत बांधून ठेवलेला. लोकांना वाटतं थंडीत ठेवलं की टिकतं. तू पिशवी उघडलीस, वास घेतलास आणि सरळ सांगितलंस, ओल आत राहिली, ही फुलं गेली. मला वाटलं आता हा माणूस वाद घालेल, पैसे जास्त घ्या म्हणेल. तो नुसतं, बरं, म्हणाला. पोरीचा ओठ मात्र थरथरायला लागला. मग तू त्या काळ्या पडलेल्या मोगऱ्यातून धडक्या पाकळ्या वेचल्यास आणि माझ्या पाट्याखाली ठेवल्यास, कागद रोज बदलायचा असतो हे तिला समजावून सांगितलंस. पाकळ्या न्यायला आला तेव्हा तो काहीतरी बोलला आणि तू हसलीस. मी स्वयंपाकघरात होते. या घरात तुझं हसू शेवटचं कधी ऐकलं ते मला आठवेना, आणि मी काय केलं असेल? पातेलं आपटलं. तू लगेच गप्प झालीस.

भाऊबीजेला त्याच्या बहिणीने तुझ्या आईकडे लग्नाचा शब्द टाकला, आणि तू म्हणालीस, कुरुळीच्या आई म्हणतील तसं. तुझ्या आईने फोन करून मला हे सांगितलं तेव्हा एक तर मला तुझा संताप आला, की हिने माझ्या गळ्यात हे बांधलं. दुसरं म्हणजे तो देहूरोडचा निघाला. माझा पोरगा जिथे गाडी सोडून गेला तिथलंच माणूस सुनेला न्यायला यावं, हे मला देवाची क्रूर थट्टा वाटली. तुझी आई म्हणाली, सात वर्षं ज्याची कुणालाच खबर नाही, त्याला कोर्ट गेलेला धरतं, वकिलाला विचारलंय. पण ज्याच्याकडे त्याची खबर आली असती त्याने येऊन सांगावं लागतं, की आली नाही. म्हणजे मी. मी फोन ठेवून दिला. त्यानंतर तुझ्या आईचा फोन आला नाही आणि तुझाही. तू तिकडे माझ्या होकाराची वाट बघतेस आणि मी इकडे तू परत येण्याची, आणि दोघींच्या मधे ताथवडेवालीच्या मुलीचे हार वाळूत पडलेले.

काल त्या हारांसाठी मोठं खोकं हवं म्हणून माळ्यावर गेले. कोपऱ्यातलं हाताला लागलं. उघडलं तर कडुलिंबाच्या पाल्याचा भुगा झालेला, लवंगा तशाच, आणि हार जसाच्या तसा. गुलाब काळपट लाल, निशिगंध चहाच्या रंगाचा, मधली जर अजून चमकती. किडा नाही, बुरशी नाही. मी तिथेच माळ्यावर बसले. इतक्या वर्षांत माझे गुडघे गेले, केसरबाईंचे डोळे गेले, शेतात दोन कंपन्या उभ्या राहिल्या आणि हार लग्नाच्या दिवसावर थांबलेला. मला वाटलं, मी हिला पण असंच ठेवलं. उजेड लागू द्यायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही, हात लावायचा नाही, म्हणजे मोडत नाही. लोक म्हणायचे, शालनबाई सुनेला लेकीसारखं सांभाळतात. मी सांभाळत होते ते माझ्या पोराच्या परतीचं तिकीट. तू घरात, टिकली लावून, तोवर तो येणार. तू गेलीस तर तो कुणाकडे येणार? आणि खरं सांगू का, त्या धुतलेल्या डब्याचा अर्थ तुला कळला तेव्हाच मलाही कळला होता. आईला कळणार नाही? ज्याला परत यायचं असतं तो खरकटा डबा आईसमोर आपटतो. निरोप घेणाराच तो धुऊन ठेवतो. मी तो अर्थ इतकी वर्षं मनाच्या माळ्यावर टाकून दिला होता.

आज सकाळी देवपूजा झाल्यावर स्टूल घेतलं आणि तो हार गोरक्षच्या फोटोला घातला. ताजा घालणार होते, झेंडू आहेत अजून शेतात. पण ताजा दोन दिवसांत कोमेजला असता, काढावा लागला असता, आणि एकदा काढला की दुसरा घालायचा माझा धीर झाला नसता, मी मला ओळखते. वाळलेला काढावा लागत नाही. घालताना थोड्या पाकळ्या गळल्या, त्या गोळा करून तुझ्यासाठी ठेवलेल्या नाहीत, केराबरोबर लोटल्या. केसरबाई आवाजाने आल्या, हाताने चाचपून म्हणाल्या, वाळल्याला हाय गं ह्यो. मी म्हटलं, व्हय, वाळल्यालाच हाय. मग त्या मला धरून बसल्या आणि आम्ही दोघी त्याच्यासाठी रडलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, गेलेल्या माणसासाठी रडतात तसं. त्याच्या गळ्यात तू हा हार घातलास तेव्हा तू त्याची झालीस. तोच हार आज मी त्याला घातला, तू मोकळी आहेस. मंगळसूत्र तू स्वतःच्या हाताने काढ, कुणा बाईला बोलावू नकोस, बांगड्या फोडायच्या नाहीत. वकिलाला म्हणावं शालनबाई कोणत्याही दिवशी येतील आणि सांगतील, लेकाची खबर नाही. तुझी वाळू, पुड्या आणि डबे बांधून ठेवते, देहूरोडला लागतील. आणि पत्राच्या वर जे लिहिता आलं नाही ते पाकिटावर लिहिलं आहे. लग्नपत्रिकेत नवरीच्या नावाला लावतात तसं, 'चि. सौ. कां. तेजल'. पोस्टमन म्हणेल म्हातारी चुकली. तू तसं समजू नकोस.

तुझीच,
आई